उजवीकडून उघडायचं पुस्तक

पालम, ता. ९ ऑक्टोबर १९८६

चि. महानंदास वीरुपाक्षकाकाचे अनेक आशीर्वाद आणि एक गंभीर तक्रार.

इकडे सगळे खुशाल. तुझा खोकला गेला असेल. तक्रार अशी की गेले आठ दिवस माझा चष्मा तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या, नाकावर आहे. दुकानात मी अंदाजानं बसतो. काल मठाच्या प्रसादाला खडीसाखर न्यायला केशरबाई आली, तिला मी तुरटी बांधून दिली. मंडळी अजून तोंड आवळून हिंडतायत. (गावात एवढी शांतता पहिल्यांदाच.) या सगळ्याला कारण तू.

तुला अजिंठ्याला भेटलेल्या त्या जपानी बाईंचं, तू पाठवलेलं पुस्तक पोचलं. पोरींसाठी चित्रकथा काढणाऱ्या या बाईंनी त्यात स्वतःचीच हकीकत चितारलीय, हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. दिवाळीनंतर तुझं चित्रांचं कॉलेज बंद करायचं आप्पांनी ठरवलेलं, त्यावर हा तुझा वकील, हेही कळलं. पण वकील उलटला. जपानी अक्षरं कुणाला येतात? आम्ही नुसती चित्रं बघत गेलो. पहिल्याच पानावर बाई पिकल्या केसांच्या, भोवती मासिकांचे गठ्ठे. पुढं गठ्ठे कमी, खोली लहान, पोस्टानं परत आलेली पाकिटं. शेवटी सोळा वर्षांची पोर, पेटी घेऊन बापाच्या दारात. तुझी आई म्हणाली, "बघा, जपानची असली म्हून काय झालं, आली का न्हाई गुमान घरी!" आप्पांनी समाधानानं मान हलवली. खटला निकाली.

संध्याकाळी आप्पांनी सहज पुस्तक उचललं. ते निजामाच्या राज्यात उर्दूत, म्हणजे उजवीकडून उघडायच्या पुस्तकांवर, शिकलेले. (त्या शिक्षणाचा उपयोग काय, हे मी त्यांना वीस वर्षं विचारतोय.) हात सवयीनं उजव्या पुठ्ठ्याकडं गेला. जराशानं हाक आली, "वीरू, चष्मा आण तुझा. किताब उलटी वाचलीव रे तुमी!"

मग पोर घरात आली नाही, घरातून निघाली. दारात बाप पाठ फिरवून उभा. पाकिटं परत येत राहिली, मग येईनाशी झाली. खोली वाढली, गठ्ठे वाढले. आणि शेवटच्या पानावर, म्हणजे आम्ही पहिलं समजलेल्या, आमच्या नजरेतून सुटलेल्या कोपऱ्यात, तोच बाप. म्हातारा झालेला. शाळकरी पोरींच्या रांगेत लेकीचं मासिक घ्यायला उभा, टोपी डोळ्यांवर ओढून.

आठ दिवस आप्पा त्याच पानावर आहेत. काल म्हणाले, "दिवाळीला ये म्हणावं तिला. दिवाळी झाली की मीच यष्टीत बसवून देतो."

तुझा काका,
वीरुपाक्ष

ता. क. आप्पा विचारायलेत, तुझं काही छापून आलं तर ते मासिक पालमला मिळंल का. टोपी त्यांच्याकडं आहे.

आणखी एक. सोबत चित्रकलेची कोरी वही पाठवतोय. पाचवीत तुझी वही हरवली म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस. दुकानात पुड्या बांधायला कागद संपला होता. (तेव्हा चष्मा माझ्याच नाकावर होता.)