मोडलेलं शेवाळ

प्रिय येरिन,

परवा थेजुनने फोनवर मुगाचं रडणं ऐकवलं. केवढा तो घसा! जन्मला तेव्हा दोन किलोचाही नव्हता, आणि आता बापाला बोलू देत नाही. चवळी म्हणे भाऊ कितीही कोकलला तरी ऐटीत झोपून असते. पोटात असताना तुम्ही ठेवलेली ही नावं मी काही सोडायची नाही. कागदावरची खरी नावं शाळेत वापरा.

इकडे समुद्रातल्या खडकावरचं शेवाळ कापून झालं, अंगणात वाळतंय. शेजारची माल्सुन म्हणते, "नातवंडं झाल्यापासून तुझा विळा दुप्पट चालतोय गं, आमच्या वाटणीचंही नेशील!" नेईन म्हटलं.

तिच्यावरून आठवलं, तुला एक सांगायचं राहिलंय. बाळंतिणीला ज्याचं सूप पाजतात ते शेवाळ घासाघीस न करता घ्यायचं आणि न मोडता न्यायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मार्चमध्ये मी तुझ्यासाठी सगळ्यात लांब जुडी घेऊन निघाले, तर बसवाला आत घेईना. मागे दुसरी बस नव्हती. इकडेतिकडे पाहिलं आणि मधोमध मोडून पिशवीत कोंबली. माल्सुनने नेमकं पाहिलं. "अगं, काय केलंस हे! सून अडेल ना!" मी तिलाच दटावलं, पण बसमध्ये वाटभर पिशवीत हात घालून मोडलेली टोकं जुळवत होते.

मे महिन्यात तू म्हणालीस, पाय सुजलेत, अंगठी निघत नाही. मी शहाणी म्हणाले, जुळ्यांत सुजायचंच, भोपळ्याचा रस पी. दोन दिवसांनी तुझं डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि थेजुन तुला घेऊन दवाखान्यात धावला. रक्तदाब एकशे ऐंशी. दुपारीच पोट चिरून दोघांना काढलं, सात आठवडे आधी. तुझ्याकडे यायला निघालेली मी बोटीत बसून त्या मोडलेल्या शेवाळालाच शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर तुला विचारलं, "उपचारांनी राहिलेले दिवस ना? गर्भाशयात दोन गर्भ सोडले होते?" तू माझ्याकडे पाहून मान खाली घातलीस. मी बहिरी झाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. येरिन, सहा वर्षं "गोड बातमी कधी?" म्हणून मी तुझा पिच्छा पुरवला, आणि तू गुपचूप सुया टोचून घेत होतीस. मान मी खाली घालायला हवी होती.

नंतर बाईंना बाहेर गाठून शेवाळाचं आणि भोपळ्याच्या रसाचं विचारलंच. त्या हसल्या. म्हणाल्या, "आजी, जुळी असली, उपचारांनी राहिली असली की या आजाराचा धोका वाढतोच. पण तो कुणाच्या पापाने होत नाही. मात्र अशा सुजेला रस पाजू नका, आधी रक्तदाब मोजा." तेवढी बोलणी मी खाल्ली, आणि ती माझ्याच वाट्याची होती.

आता थेजुन सांगतो, तू शंभराव्या दिवसाचा सण नको म्हणतेस. "मीच दोन सोडायला सांगितले, माझ्यामुळे लेकरं काचेच्या पेटीत राहिली, कसला सण?" म्हणून हे पत्र. मी माझं मोडलेलं शेवाळ सोडून दिलं, तूही तुझं सोड. रविवारी मी येतेय, पांढऱ्या तांदळाच्या वड्या सांगून ठेवल्यात, शंभर घरांना पुरतील एवढ्या. पोरं शंभर दिवस जगली म्हणून त्या वाटतात. पण त्यातली पहिली तू खायचीस, बाळा. कारण त्या दिवशी बोटीत मला पोरांची नव्हे, तुझी भीती वाटत होती.

न मोडता शेवाळ आणणारी,
तुझीच सासू