तीन दिवसांची सासू

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
मुख्य जलकुंभ कार्यालय.

विषय : अपघातात जखमी झालेल्या सासूबाईंना अर्जदाराच्या कुटुंबातून वगळू नये व अर्जदारास पहाटेऐवजी दुपारची पाळी मिळावी, याबाबत.

संदर्भ : (१) पाणी सोडण्याचा क्रम उलटा केल्याबद्दल आपल्या कार्यालयाचा मेमो.
(२) रजेच्या अर्जावर आस्थापना शाखेने मारलेला शेरा.

महोदय,

अर्जदार आपल्या विभागात व्हॉल्व्हमन आहे. जलकुंभापासून मागच्या आळीपर्यंतचे व्हॉल्व्ह पहाटे ओळीने उघडायचे आणि ओळीने बंद करायचे, हे त्याचे काम. लोक त्याला चावीवाले म्हणतात. याआधी त्याला कधी मेमो मिळाला नव्हता, त्यामुळे उत्तर कसे द्यायचे ते नीट माहीत नाही. घडले तसे लिहितो.

१. अर्जदाराची पत्नी आणि तिची आई, दोघी एकाच लाँड्रीत इस्त्रीचे काम करत. गेल्या हिवाळ्यात काम आटोपून घरी येताना वळणावर मालाची गाडी त्यांच्या अंगावर आली. पत्नी तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारली. सासूबाई वाचल्या, पण खुब्याचे हाड आणि दोन्ही पाय मोडले. आज त्या बाहेरच्या खोलीत खाटेवर असतात. वर्षअखेर बसू लागतील, चालण्याचे सांगता येत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. अर्जदारास मूलबाळ नाही. घरात माणसे दोनच, अर्जदार आणि सासूबाई. कमावणारा आता एकच.

२. आजारी कुटुंबीयाच्या शुश्रूषेसाठी अर्जदाराने रजा मागितली होती. नियमात 'पत्नीचे आईवडील' असे शब्द आहेत, त्यामुळे अडचण येणार नाही असे वाटले होते. परंतु आस्थापना शाखेतील मोठ्या कारकुनांनी सांगितले, "अहो चावीवाले, सासू कोणाची? बायकोची आई. बायकोच राहिली नाही तर सासू कुठून आणता? खोडच पडलं, फांदीचं काय घेऊन बसलात?" माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतः चहा मागवला आणि बराच वेळ नियम उलटसुलट वाचला. शेवटी त्यांनीच वाट काढली. अपघातानंतर पत्नी तीन दिवस जिवंत होती, तेवढे दिवस सासू कुटुंबात बसते. म्हणून तीन दिवसांची रजा मंजूर झाली आणि पुढची बिनपगारी.

हा शेरा अर्जदाराने घरी वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पोरीबरोबर मीही गेले की. तेराव्याला मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

त्या तोंडाने फटकळ आहेत. मन मोठे आहे.

३. आता मेमोविषयी. डॉक्टरांनी सांगितले आहे की दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा शेजारची शिंपीण येऊन बदलते. पहाटे कोणी नसते. पाणी चढावरच्या वसाहतीपासून सुरू करायचे आणि मागच्या आळीत संपवायचे, हा आपला क्रम. अर्जदाराचे घर मागच्या आळीत. तिथे पोचेपर्यंत फार उशीर होई. म्हणून अर्जदाराने क्रम उलटा केला. आधी आपली आळी उघडायची, घरात जाऊन सासूबाईंना कुशीवर करायचे, पाठ पुसायची आणि मग वर चढत जायचे.

खालचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून वरचे उघडले की वर पाणी चढत नाही, हे अर्जदारास समजत नव्हते असे नाही. या कामात त्याचे केस पांढरे झाले. खालचे बंद करून मगच वर जायचे असे त्याने ठरवले होते आणि चार दिवस तसेच केले. पाचव्या दिवशी सासूबाईंच्या पाठीला रक्त दिसले. ते धुण्यात आळीचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला. त्या सकाळी चढावर सगळ्यांचे नळ कोरडे राहिले. साहेबांचे निवासस्थानही तिकडेच आहे आणि साहेबांना अर्धवट दाढीने कार्यालयात यावे लागले, असे शिपायाकडून कळले. त्याबद्दल अर्जदार मनापासून दिलगीर आहे. चूक त्याची आहे. जी शिक्षा योग्य वाटेल ती द्यावी, फक्त पाळी बदलून द्यावी.

४. दुपारच्या पाळीची जागा रिकामी आहे. तिथला व्हॉल्व्हमन निवृत्त झाला. परंतु पाळी बदलून मिळते ती कुटुंबातील आजारी माणसासाठी, आणि कुटुंबाचे वर आलेच आहे. मोठ्या कारकुनांनी आणखी मार्ग सुचवले. सासूबाईंना भाडेकरू दाखवावे, पण भाडेकरूसाठी पाळी बदलत नाही. त्यांनी अर्जदाराला दत्तक घ्यावे, म्हणजे त्या आई होतील. अर्जदाराने वकिलाला विचारले. वकील हसले आणि म्हणाले, "पन्नाशीचं बाळ कोण दत्तक घेणार?" शाखेतल्या एकाने तर अर्जदारास दुसरे लग्न करायला सुचवले, म्हणजे नवी सासू रीतसर मिळेल. तिला अपघात झाला तर रजाही मिळेल. सगळे हसले. अर्जदारही हसला, कारण न हसता तिथून बाहेर कसे पडायचे ते सुचले नाही.

शेवटी शाखेने लेखी पुरावा मागितला आहे, की पत्नीच्या पश्चात सदर स्त्री अर्जदाराची कोण लागते. अर्जदाराने हा प्रश्न सासूबाईंनाच विचारला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, लिहा, ओझं लागते."

तसे लिहिण्यास अर्जदाराचा नकार आहे.

५. सासूबाईंना एक मुलगा आहे. तो दूरच्या शहरात असतो. मागच्या महिन्यात येऊन गेला. खुर्चीच्या कडेवर बसला होता. म्हणाला, "भाऊजी, ताई होती तोवर ठीक होतं. तुम्ही कशाला गळ्यात घेता? आमच्याकडे चांगली सोय आहे. नर्स असते, जेवण वेळेवर, पैसे मी भरतो." ती सोय म्हणजे अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचे केंद्र. मुलगा खोटे बोलत नाही. सोय चांगलीच असेल. त्याच्या घराला तीन जिने आहेत, त्याचाही नाइलाज आहे.

मेमो आल्यावर सासूबाईंनी शिंपिणीच्या फोनवरून मुलाला बोलावून घेतले. अर्जदारास त्यांनी एवढेच सांगितले, "माझ्यापायी नोकरी गेली तर खाल काय? आणि मी तरी काय खाऊ?" मुलगा येत्या रविवारी गाडी घेऊन येणार आहे. त्यांची पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे. ती त्यांनी शिंपिणीकडून भरून घेतली, अर्जदाराला हात लावू दिला नाही.

६. आपण विचाराल, की मुलगा न्यायला तयार आहे, पैसे भरायला तयार आहे, मग तुमची हरकत काय? मोठ्या कारकुनांनीही हेच विचारले. तेव्हा सांगता आले नाही. कार्यालयात माणसे फार होती. इथे लिहितो.

अर्जदाराच्या पत्नीला स्वतःविषयी बोलायची सवय नव्हती. माहेरचे विचारले तर म्हणे, "असंच होतं सगळ्यांसारखं." ती गेल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले, की लग्नाआधीची ती आपल्याला माहीतच नाही. विचारायला आता एकच माणूस उरले आहे. सासूबाई रोज संध्याकाळी, वाटीने भरवून झाले की थोडे सांगतात. एकदम सांगत नाहीत. ती रांगायची नाही, बसल्या बसल्या सरकायची. तिला बेडकाची भीती वाटे. अर्जदाराला ती सांगत असे की ती कशालाच भीत नाही. शेजारणीचा कोंबडा तिने गाठोड्यात बांधून घरी आणला होता. हे सांगताना सासूबाई नाकातून हसतात, पत्नी हसायची तशाच. अर्जदार त्या वेळी वाटी विसळायला आत जातो.

घराबाहेर कोणी तिचे नाव काढत नाही. लोकांना वाटते, याला वाईट वाटेल. घरात 'ती' एवढे म्हटले तरी पुरते.

सासूबाई क्रम सोडत नाहीत. पुढचे आधी सांगा म्हटले तर ओरडतात. आजच्या तारखेला अर्जदाराची पत्नी चौथीत आहे.

तरी दुपारच्या पाळीचा हुकूम शनिवारी कार्यालय बंद होण्याआधी व्हावा. नियमात नाते बसत नसेल तर नात्याचा रकाना कोरा ठेवावा, पण माणूस घरी ठेवावे. एवढी विनंती आहे.

आपल्या खात्यातला, आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
(सही)
व्हॉल्व्हमन, पहाट पाळी
दिनांक : गुरुवार, ९

सोबत :
(१) सासूबाईंचा डॉक्टरी दाखला.
(२) मूळ मेमो.
(३) लग्नाचा दाखला.
(४) पत्नीच्या मृत्यूचा दाखला. क्रमांक ३ आणि ४ एकत्र वाचावेत. चौथ्याने तिसरा रद्द होतो असे त्यांवर कुठेही लिहिलेले नाही.