घरची कोण

३ जानेवारी
कोलकाता एकदम पसंत! सॉल्ट लेकमधलं सासर, खिडकीत भरपूर ऊन, आणि सेक्टर फाइव्हचं ऑफिस ऑटोनं जवळच. हळद उतरायच्या आत नोकरी लागली. सलील म्हणतो, बायकोचा पायगुण! घरकाम करणाऱ्या यंत्रमाणसाला आपली रीतभात शिकवायची, हे माझं काम. म्हणून यंत्र घरीच आणलंय. सासूबाईंनी त्याचं नाव सुरुची ठेवलं.

६ जानेवारी
आज पाहुणे कसे ओळखायचे ते शिकवलं. पाहुणीला बसवायचं, आग्रहानं वाढायचं, अहोजाहो करायचं, कामाला हात लावू द्यायचा नाही. सुरुचीनं विचारलं, घरची कोण हे कसं कळणार? मी म्हटलं, सोप्पंय, जी वाढते ती घरची, जी बसून खाते ती पाहुणी. ऑफिसात शाबासकी मिळाली.

१४ जानेवारी
संक्रांत. इथल्या नोलेन गुळाच्या, म्हणजे खजुराच्या रसाच्या गुळाच्या पोळ्या. माझी फुटली, गूळ तव्यावर जळला. सुरुचीची एकही फुटली नाही. सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माझ्यावरून कधी मोडली? यंत्राचा हेवा करायचा म्हणजे हद्द झाली, पण माझा नुसता जळफळाट झालाय. रागानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. बसून जेवले.

१७ जानेवारी
अजून रुसलेलीच आहे. कुणी समजूत काढेना. सुरुची मात्र आग्रह करकरून वाढते, मला 'तुम्ही' म्हणते. आज हट्टानं चहा करायला उठले. ती म्हणाली, तुम्ही कशाला त्रास घेता. मनगट धरून खाली बसवलं. वळ उठलेत.

१९ जानेवारी
सासूबाईही अहोजाहो करू लागल्या. वाटलं, टोमणा असेल. नव्हता. शेजारणीशी हसावं तसं हसल्या आणि गाव कोणतं ते विचारलं.

२० जानेवारी
सलीलला ओरडून सांगितलं, बंद कर तिला. तो अवघडला. मग सुरुचीला हळूच विचारलं, या किती दिवस आहेत?
माझा नवरा — तिला विचारतो —

२१
सकाळ. माझी बॅग दाराशी. मी नाही भरली. गळा चाचपला. मंगळसूत्र सुरुचीच्या गळ्यात —

सासूबाई माझी ओटी भरतायत. म्हणाल्या, पुन्हा या हं. सलील टॅक्सी बघायला गेलाय. मी नाही जाणार. माझं घर आहे हे, माझं —

सुरुची आली. हात पुढे केलाय. गोड आवाजात म्हणतेय, अहो, ती वही आमच्या घरची आहे, ती इथंच —