कॉलेज सोडल्याचा कौल

२३ नोव्हेंबर १९५८, आचरा
कोल्हापूरचं कॉलेज सोडलं. फर्स्ट इयर सायन्स माझ्या प्रकृतीला मानवत नव्हतं. पाच महिने मेसमध्ये मासळीचा तुकडा नाही. अशानं माणूस केमिस्ट्री काय शिकणार? प्लॅन तयार. मालवणात भाड्याच्या सायकलींचं दुकान. भांडवल म्हणजे शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता. मुंबईचं आमचं ग्रामस्थ मंडळ जानेवारीत दीडशे पाठवील. शिष्यवृत्ती मला दिली आहे, कॉलेजला नव्हे.

२५ नोव्हेंबर
आईला अजून सांगितलं नाही. सुट्टी वाढली म्हणालो. धाकटी बहीण मथुरा यंदा मॅट्रिकला. तिनं विचारलं, सुट्टीत कोण गादीसकट परत येतं? मुलीच्या जातीला इतकी चौकशी बरी नव्हे.

२ डिसेंबर, सकाळ
युक्ती सुचली. देवळात कौल लावला. गुरवानं देवाला पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: कॉलेज सोडलं ते बरं केलं ना? उजवी पडली. म्हणजे होय!

संध्याकाळ
आईला सांगितलं. रडली. पण देवापुढे ती काय बोलणार? गावभर फिरून सगळ्यांना बजावलं, देवाच्या वर अपील नाही.

१४ जानेवारी १९५९
मंडळाचं पत्र. दुसरा हप्ता नाही. उलट पहिलाच परत मागितलाय, दीडशे, एकरकमी. क्लेरिकल मिस्टेक असणार. मथुरेनं फॉर्मची नक्कल शोधून मागची बाजू मोठ्यानं वाचली: शिक्षण अर्धवट सोडल्यास रक्कम परत, न दिल्यास जामिनाकडून वसूल. मागची बाजू कोण वाचतं! जामीन दाजीमामा, आईचे भाऊ. त्यांच्याकडे रोख नाही. बैलजोडी आहे.

१७ जानेवारी
मामा येऊन गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते ओटीवर बसले, चहासुद्धा घेतला नाही. बैल विकल्यावर शेत कशानं नांगरू, असं आईला हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. म्हणून समजावलं, सायकली एकदा सुरू झाल्या की शेतीची गरजच उरणार नाही. ते उठले. म्हणाले, 'तुझो देव खरो मां? मग पैशांचा पण त्याकाच इचारूया.'

१९ जानेवारी
अख्खा गाव देवळात. पैसे मामानं भरायचे? डावी पडली. म्हणजे नाही. भाच्यानं? उजवी. तीही गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत. वारा होता, असं मी निदर्शनास आणलं. दहा जणांनी मला माझंच अपिलाचं वाक्य ऐकवलं.

२ फेब्रुवारी, मालवण
ठरल्याप्रमाणे सायकलींच्या धंद्यात शिरलो. दुकान धोंडूशेटचं. मी पंक्चर काढतो, हवा भरतो. पगार तीस. त्यातले पंधरा मंडळाला, दहा महिने. मंडळ हप्त्यांना तयार झालं ते माझ्या पत्रातल्या इंग्रजीमुळे. पत्र मथुरेनं लिहिलं होतं, सही माझी.

१५ मार्च
प्रायव्हेट विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसावं काय? विचार चालू. हाताला सोल्यूशनचा वास. केमिस्ट्रीच म्हणायची.

२० जून, आचरा
मथुरा पास. तालुक्यात तिसरी. मंडळाचा फॉर्म आलाय. ऐटीत म्हटलं, आण, मी जामीन राहतो. तिनं बोट ठेवून नियम दाखवला: मंडळाचं देणं बाकी असलेल्याची सही चालत नाही. साठ फेडलेत, नव्वद राहिलेत. म्हणजे माझ्यापायी हिचं कॉलेज अडलं. मामांना पुन्हा विचारायला तोंड कुठलं? मथुरेनं फॉर्मची घडी घालून तो वहीत ठेवला, तेच सोसवेना.

दुपारी मामा आपणहून आले. फॉर्म कुठे म्हणाले, मांडीवर घेतला, सही ठोकली. मला राहवेना. म्हटलं, मामा, एवढी मोठी गोष्ट, आधी कौल लावून बघूया.

मामा म्हणाले, 'हिच्यासाठी देवाक कित्याक त्रास?'