कच्च्या सोन्याचा पेपर

प्रिय यारलेनिस, माझ्या लाडोबा,

आधी बातमी, मग बाकीचं रामायण. मी रसायनशास्त्रात पास झाले! पाचपैकी चार पूर्णांक एक दशांश. बावन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना! फोनवरच सांगणार होते, पण फोन केला की तू "आई, तासाला बसलेय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, मीही सावकाशच लिहितेय.

आपल्या गावच्या शाळेत दर शनिवारी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. मी आणि तुझी प्लासिदा मावशी एप्रिलपासून जातोय. सकाळभर नदीत वाकून सोनं धुवायचं आणि दुपारी ओल्या पायांनी बाकावर बसायचं. अर्नोबियो सर जेमतेम पंचविशीचे, चष्मा सारखा नाकावरून घसरतो, पण शिकवतात जीव लावून. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात उभं केलं. म्हणाले, तुम्ही एकेकटे म्हणजे अणू. मग एल्बा आणि एल्सा या जुळ्या बहिणींना हात धरायला लावला. हा झाला रेणू, पण दोघी एकाच रक्ताच्या, म्हणून मूलद्रव्याचाच रेणू. हवेतला ऑक्सिजन असा जोडीजोडीनं फिरतो म्हणे. मग सुताराला आणि त्याच्या बायकोला जवळ बोलावलं. वेगवेगळ्या घरची माणसं, ठरल्या प्रमाणात बांधली गेलेली, हे संयुग. पाणी तसंच, दोन हायड्रोजन नि एक ऑक्सिजन, आणि एकदा जमलं की दोघांचाही मूळ स्वभाव उरत नाही. आणि आम्ही उरलेले, कसेही दाटीवाटीनं उभे, ते मिश्रण. त्यावर प्लासिदा म्हणाली, "म्हणजे सर, माझं लग्न मिश्रणच होतं की! तो त्याच्या जागी, मी माझ्या जागी. एक दिवस चाळला नि दिला सोडून!" सगळा वर्ग पोट धरधरून हसला. सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पण पहिल्या परीक्षेत मी आपटले. दोन पूर्णांक चार. दुसरी संधी एकच, तीही हुकली तर पुन्हा सगळं वर्ष. आणि मला ते वर्ष घालवायचं नव्हतं, का ते शेवटी सांगते. प्रश्न होता, प्लॅटिनम हे मूलद्रव्य, संयुग की मिश्रण? आता नदीतून सोन्याबरोबर प्लॅटिनमही काढणाऱ्या आपल्या कोंदोतो गावच्या बाईला हे विचारायचं म्हणजे मासोळीला पाणी म्हणजे काय ते विचारण्यासारखं. मी पानभर लिहिलं. प्लॅटिनम म्हणजे कच्चं सोनं, नदीत परत टाकलं की पिकून पिवळं होतं. आपल्या घरात पणजीच्याही आधीपासून हेच चालत आलंय ना? सगळं पांढरं विकतो, पण वर्षातून एकदा चिमूटभर नदीला परत देतो, पुढच्यांसाठी पिकू दे म्हणून. सरांनी लाल रेघ मारली. मी तावातावानं भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "मावशी, मूलद्रव्य पिकत नाही. प्लॅटिनम कितीही वर्षं नदीत ठेवा, ते प्लॅटिनमच राहणार." मला रडू आलं, खरं सांगते. आपल्या किती बायकांनी किती चिमटी टाकल्या असतील गं त्या पाण्यात! मग प्लासिदा म्हणाली, "अगं, वाया कुठं गेलं? तिथंच खाली पडलंय, जसंच्या तसं. जा, उचल जा!" आणि रडता रडता मला हसू फुटलं.

दुसऱ्या वेळी मात्र मी तयारीनं गेले. सरांनी रेती, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र करून पुढ्यात ठेवला. वेगळं करा म्हणाले. मला म्हणाले! चाळीस वर्षं मी दुसरं काय करतेय? लोहचुंबकानं कीस ओढला, पाणी ओतून मीठ विरघळवलं, रेती गाळली, पाणी आटवलं. मग लिहिलं, की मिश्रणातली माणसं आपापला स्वभाव सांभाळून असतात, म्हणून हातानं, पाण्यानं, आमच्या लाकडी परातीनं वेगळी निघतात. बारीक सोनं तरंगायला लागलं की आम्ही बाल्सोच्या झाडाच्या चिकट पानांचा फेस घालून त्याला तळाशी बसवतो, तेही तेच. पण त्या पाण्यातून हायड्रोजन काढून दाखव म्हणाल, तर माझी परात हात टेकते. ते काम धुण्याचं नव्हे. सरांनी तो कागद वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन मी अख्खा मासा तळला आणि एकटीनं खाल्ला.

आता खरं ते. मला ठाऊक आहे, पोरी. मार्चमध्येच तुझ्या खोलीतल्या मुलीनं मला सांगितलं, की तू रसायनशास्त्रात नापास झालीस, कॉलेज सोडलंस आणि तिथं काली शहरात बेकरीत पाव भाजतेस. मी रागावले नाही, घाबरले. तुला काय बोलावं तेच कळेना, कारण ज्यानं तुला अडवलं ते काय असतं हेच मला माहीत नव्हतं. म्हणून एप्रिलमध्ये त्या बाकावर जाऊन बसले. आता थोडंसं माहीत झालंय. दोन पूर्णांक चार मिळाल्यावर कसं वाटतं तेही माहीत झालंय. फेरपरीक्षेचा फॉर्म अजून पंधरा दिवस भरता येतो, मी कॉलेजला फोन करून विचारलं. शुक्रवारी बसनं येतेय, वह्या घेऊन. तू भरायचा की नाही ते तू ठरव, पण यावेळी अभ्यासाला तुझ्या शेजारी मी बसणार आहे.

तुझीच, थोडीशी शहाणी झालेली,
आई दोमितिला