बाद मालाची गोणी

मनिला, १० जून १९९६

ती. नानांगला,
लेकीचा नमस्कार. वि. वि. गोणी आठवड्यापूर्वी पोचली. तुम्ही बायका भाजी निवडणीच्या टेबलावरून जे बाद करता, त्यावर माझी निम्मी खानावळ चालते! दोन पायांची गाजरं किसून सोमवारी लुम्पियाच्या गुंडाळ्यांत भरून तळली. कोबीची वरची जाड पानं मंगळवारच्या आंबट सारात सुक्या मासळीबरोबर गेली, दांडे चिरून बुधवारच्या शेवयांत. शिलाई कारखान्यातल्या पोरी थोड्या पैशांत पोटभर जेवतात. बादलीत काही उरतच नाही, म्हणून शेजारणीचं डुक्कर माझ्यावर रुसलंय.

एक विचारायचं होतं. बटाट्यांत चार हिरवे निघाले. वाकडं चालेल, कुजलं-बाधणारं चालणार नाही, हे तूच घोकून घेतलंस ना माझ्याकडून? हिरवा बटाटा उचलला की हातावर चापट मारायचीस! घाईत होतीस का?

पत्र नेहमीसारखं रिकाम्या गोणीत घालून दामासो ड्रायव्हरकडे देते आहे. जपून राहा.
तुझी,
फेलिसा

ला त्रिनिदाद, १७ जून

चि. फेलिसाला अनेक आशीर्वाद.
चार बटाट्यांचा केवढा गं बोभाटा! तीस वर्षं त्या टेबलाशी उभी आहे मी. हिरवं कापून टाकायचं आणि गप्प बसायचं. इकडे सारखं धुकं, त्यात वीज जाते-येते, म्हणून अक्षर हे असं. नावं ठेवू नकोस.

या खेपेला सायोतेच्या वेलाचे कोवळे शेंडे भरलेत. लसूण घालून परत, पण आंबोला जास्त वाढू नकोस. मागे आला होता तेव्हा जावईबापूंचं पोट दाराच्या आधी घरात शिरलं होतं. पुरिंग टेबलाशी माझ्या शेजारीच असते, तुझी आठवण काढते.
माया आहेच, कमी पडू द्यायची नाही.
नानांग

मनिला, ८ जुलै

ती. नानांगला नमस्कार.
सकाळपासून तीनदा लिहायला बसले नि तीनदा उठले. घाटात दरड कोसळली म्हणून गोणी चार दिवस उशिरा आली. रस्त्यावर ट्रक वाजला की मी पळी टाकून दाराशी. आंबो म्हणतो, नवऱ्याची कधी एवढी वाट पाहिली नाहीस.

गोणी उघडली. चौदा बटाटे हिरवे. चवळीच्या शेंगा पिवळ्याजर्द. टोमॅटो अर्धे कच्चे, अर्धे काळे पडलेले. एक बटाटा माझ्या नजरेतून सुटला, तो आंबोनं खाल्ला आणि संध्याकाळभर उलट्या काढल्या. आता बरा आहे, दोन दिवस पेजेवर ठेवलाय.

मग मी सगळा माल जमिनीवर मांडला. गाजरं सगळी वाकडी, चिरलेली, बोटाला लागतील अशी. हातानं कळतं ते एकही चुकलेलं नाही. चुकलेत ते फक्त रंग. आणि तुझं पत्र! एक ओळ दुसरीच्या डोक्यावर बसलीय. विजेचा काय दोष त्यात?

नानांग, तुला नीट दिसतं ना? खरं सांग. माझा जीव थाऱ्यावर नाही.
फेलिसा

ला त्रिनिदाद, १५ जुलै

फेलिसाला आशीर्वाद.
आंबोला जपावं. झालं ते वाईट झालं.

बाकी माझे डोळे माझे मी बघेन. ही कुजबुज मुकादमाच्या कानावर गेली तर उद्याच टेबलावरून उठवेल. मग घरात बसून काय कोंबड्या निरखू? तुझे बाबा गेले तेव्हा त्या टेबलानं मला उभं ठेवलं, हे विसरलीस? पुन्हा विचारलंस तर गोणी बंद.
नानांग

मनिला, २२ जुलै

ती. नानांगला नमस्कार.
कर बंद. मी बाजार उठताना जाईन. तेव्हा फुटके टोमॅटो, पोक काढलेली वांगी स्वस्तात सुटतात. सार जरा पातळ करेन, भात वाढवेन, पोरी समजून घेतील. तुझ्या गोणीवाचून माझं चालेल गं, तुझ्यावाचून चालणार नाही. भीती वाटते मला. घाटातल्या पायवाटेनं एकटी घरी जातेस, त्याची भीती वाटते.

सरकारी दवाखान्यात विचारून आले. डोळ्यावर दुधासारखी साय येते, ती काढता येते म्हणाले. पण माणूस समोर हवा. एकदा ये. नंतर हवं तितकं रागाव, मी ऐकून घेईन.
वाट बघणारी,
फेलिसा

ला त्रिनिदाद, २९ जुलै

चि. फेलिसाला आशीर्वाद.
अक्षर पुरिंगचं आहे, बोलते मी. तिला सांगितलंय, एक शब्द गाळायचा नाही, तुझ्याबद्दलचासुद्धा.

तुझं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं. ती वाचता वाचता रडायलाच लागली. मग कळलं. गेल्या नाताळापासून टेबलावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. माझ्या ढिगातले हिरवे बटाटे त्या हळूच उचलत, मुकादम इकडे वळला की कुणीतरी त्याला बोलण्यात गुंतवी. आणि मी खुळी, माझे हात अजून कसे चालतात म्हणून मिरवत होते! तुझी गोणी तेवढी मी घरी एकटी भरायची. तिच्यावरून कुणाचाच हात फिरत नव्हता.

दोन दिवस टेबलाशी गेले नाही. फार लाज वाटली. मग मीच मुकादमाकडे गेले आणि सांगून टाकलं. तो म्हणाला, दिसायला लागलं की या, जागा रिकामी ठेवतो. ठेवेल की नाही, देव जाणे. भीती मलाही वाटते, बाई.

गुरुवारी दामासोच्या ट्रकनं गोणी येईल. बायकांनी मिळून भरलीय, हिरवं काही निघायचं नाही. गोणीशेजारी मी बसलेली असेन. वाकडी आहे, कुजलेली नाही. उतरवून घे.
तुझी,
नानांग