मागे वळून न बघता

ती. आईस नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांची विचारपूस.

आधी हे वाच: बाबा ठीक आहेत. समोर बसून इथल्या चहाला नावं ठेवताहेत. डॉक्टरांनी उद्या परत बोलावलंय, ते नुसतं बघायला.

काल बाबा आणि मी तुझ्यासाठी शाल घ्यायला बाजारात गेलो. आम्ही परके दिसताच दुकानदाराने भाव चढवला. मी तुझ्यासारखी थेट निम्म्याला मागितली. तो हसला. मग तुझा नियम: तडक निघायचं, मागे वळून बघायचं नाही, हाक येतेच.

आली हाक. मी आणखी भरभर चालू लागले. तो ओरडत मागे पळत येत होता, आणि मी मनात खूश, की आता अजून उतरेल! भाषा कुठे कळतेय. गल्लीच्या वळणावर त्याने माझी बाहीच ओढली. त्याचा चेहरा पाहिला आणि मी दुकानाकडे धावत सुटले.

बाबा दुकानाच्या पायरीवर आडवे होते, घामाने निथळत. उशाला तीच शाल. दुकानदाराची बायको त्यांना चमच्याने साखरेचं पाणी पाजत होती. उन्हात साखर एकदम खाली गेली होती.

शाल घेतली आहे. भाव विचारू नकोस. तू एकटी नीट जेवतेस ना?

आज सकाळी बाबांना म्हटलं, "आईचा नियम नडला."

ते म्हणाले, "अर्धाच शिकलीस. ती वळून बघायची नाही, कारण माझं मनगट तिच्या हातात असायचं."

तुझी,
धाकटी